गोव्यात चित्रवही सुरू करताना: आदोळीपासून फेरीबोटीपर्यंत

मिरजेहून नोकरीसाठी फोंड्याला आले तेव्हा शाळेतली इंटरमीजिएट ड्रॉइंगची परीक्षा देऊन वीस वर्षं झाली होती. मधल्या काळात पेन्सिलीला हात लावला नव्हता. गोव्यात आल्यावर वाटलं, इथे चित्रं आपोआप सुचतील. समुद्र आहे, चर्च आहेत, देवळांचे दीपस्तंभ आहेत. एक जाड, महागडी वही घेतली आणि दर रविवारी नवं ठिकाण गाठायचा सपाटा लावला. फोनमध्ये शेकडो फोटो जमले. वहीची अकरा पानं भरली, तीही फोटो बघून. वही कपाटात गेली ती दीड वर्ष तिथेच राहिली.

ती बाहेर आली एका संध्याकाळी, वीज गेली होती तेव्हा. स्वयंपाकघरात मेणबत्ती लावली होती आणि समोर घरमालकीण काकींनी वापरायला दिलेली आदोळी होती. (गोव्याबाहेरच्यांसाठी: बसायची फळी, तिला पुढे बाक असलेलं पातं आणि टोकाला नारळ खवायचे दाते.) तिची सावली भिंतीवर एखाद्या पक्ष्यासारखी पडली होती. ती काढताना वीज आलेलीही मला कळली नाही. तेव्हापासून वही बंद पडलेली नाही.

तुम्ही गोव्यात नव्याने राहायला आला असाल किंवा आठवडाभरासाठी येणार असाल आणि चित्र काढायची इच्छा आहे पण सुचत नाही असं होत असेल, तर पुढचा क्रम वापरून बघा. दीड वर्ष चाचपडून मला तो सापडला आहे.

१. सामान: कमी घ्या, पण तपासून घ्या

लागणाऱ्या वस्तू एवढ्याच:

- ए५ आकाराची वही, कागद १५० ते २०० जीएसएम (कागदाचा जाडपणा सांगणारा आकडा). जलरंग भरपूर वापरणार असाल तर ३०० जीएसएमचे सुटे कागद वेगळे ठेवा.
- एक २बी पेन्सिल आणि पाण्याने न पसरणाऱ्या शाईचं एक पेन.
- जलरंगांची छोटी पेटी. त्यातले बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि एखादा पिवळा या तिघांवर गोव्यातली निम्मी चित्रं होतात.
- एक मध्यम ब्रश, झाकण घट्ट बसणारी पाण्याची डबी, जुना सुती रुमाल.
- कागद धरून ठेवायला दोन मोठे क्लिप. मांडवीच्या काठावर वारा पान उलटल्याशिवाय राहत नाही.
- टोपी, प्यायचं पाणी, डासांचं मलम आणि ओळखपत्र.

पहिला फसवा खड्डा पेनाचा आहे. साध्या जेल पेनने सुंदर रेघ येते, पण वरून रंगाचा हात फिरवला की सगळं काळं होतं. दुकानातच एका चिठ्ठीवर रेघ ओढा, मिनिटभर थांबा, ओलं बोट फिरवा. पसरली तर ते पेन ठेवून द्या.

दुसरा खड्डा महाग वहीचा. पान खराब होईल या भीतीने हात आखडतो. माझं तेच झालं होतं. पहिली वही अशी घ्या की तिची वीस पानं वाया गेली तरी तुम्हाला वाईट वाटणार नाही.

२. पहिला आठवडा घरातच: एक वस्तू, सात वेळा

ही पायरी सगळे वगळतात. मीही वगळली होती. गोव्यात येऊन घरात बसून भांडी काय काढायची, असं तुम्हालाही वाटेल. तरीही ती करा, कारण पुढची प्रत्येक पायरी हिच्यावर उभी आहे.

वस्तू निवडताना एकच बघा: ती रोज कोणाच्या तरी हातात जाते का? आदोळी, पाटा-वरवंटा, माशांच्या कढीचं मातीचं बुडकुलं, करवंटीचा दवलो (डाव), सोप्यावर उलटा टेकवून ठेवलेला नारळ पाडणाऱ्याचा कोयता, पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचा भोंगा, अंगणातलं तुळशी वृंदावन. मार्दोळच्या बाजूला राहत असाल तर जायांची गुंफलेली माळ घ्या. ती संध्याकाळी एक असते आणि सकाळी दुसरीच.

मग सात दिवस अशी काढा:

पहिल्या दिवशी पेन न उचलता फक्त बाहेरची रेघ. दुसऱ्या दिवशी वस्तू सोडून द्या, फक्त सावली काढा. तिसऱ्या दिवशी डोळे मिटून वस्तूवर हात फिरवा, पाच मिनिटं, आणि मग हाताला जे लागलं ते काढा. चौथ्या दिवशी वस्तू कामात असताना काढा. पाचव्या दिवशी तिच्या मालकाला तिच्याविषयी विचारा आणि जे ऐकाल ते चित्राशेजारी लिहा. सहाव्या दिवशी वस्तू समोर नसताना, आठवणीने. सातव्या दिवशी पुन्हा समोर ठेवून, हवा तेवढा वेळ घेऊन.

चौथा आणि पाचवा दिवस सगळ्यात जास्त देऊन जातात. माझ्या पहिल्या तीन चित्रांत आदोळीची फळी सरळ होती. काकी नारळ खवायला बसल्या तेव्हा दिसलं की फळी मधोमध खोलगट झाली आहे, बरोबर त्यांच्या बसण्याच्या जागी. विचारलं तर म्हणाल्या, "ही माझ्या आवयची. तिच्या आधी तिच्या मांयची." तीन बायकांनी बसून बसून त्या फणसाच्या लाकडाला खळगा पाडला होता. चौथ्या चित्रात मी पात्यापेक्षा त्या खळग्यावर जास्त वेळ घालवला. माझ्या वहीतलं ते पहिलं चित्र, जे कोणा दुसऱ्याचं असूच शकलं नसतं.

एक सावधगिरी: वस्तू पुसून, पांढऱ्या कापडावर मांडून काढू नका. ती जिथे असते तिथेच, आजूबाजूच्या पसाऱ्यासकट काढा. बुडकुल्याचं काळवंडलेलं बूड घासून टाकलंत तर काढायला काय उरलं?

या पायरीची गोडी लागली की बाणावलीच्या 'गोवा चित्र' संग्रहालयात एक दिवस जा. व्हिक्टर ह्यूगो गोमिश यांनी गोव्यातली जुनी शेतीची अवजारं, भांडी, गाडे, मापं गोळा करून ते उभं केलं आहे. नांगराच्या मुठीवरची झीज, मापाच्या कडेचा पत्रा, दोरीचा वळ हे सगळं तिथे जवळून दिसतं. वही घेऊन जा, पण तीनपेक्षा जास्त वस्तू काढायचा हट्ट धरू नका.

३. आता प्रवास: एकच वाट, चार वेळा

दर वेळी नवी जागा शोधणं ही माझी सगळ्यात मोठी चूक होती. नव्या जागेत डोळा सगळंच टिपायला धावतो आणि हाताला काहीच लागत नाही. एक वाट निवडा आणि ती चार वेगवेगळ्या वेळी जा: भल्या सकाळी, ऊन उतरताना, बाजाराच्या दिवशी, आणि एकदा पावसात.

माझी वाट फोंडा ते दिवाडी. तुम्हाला दुसरी सुचत नसेल तर हीच घ्या.

फोंड्याहून पणजीला जाणारी बस पकडायची. ती मार्दोळ, मंगेशी, बाणस्तारी करत जुन्या गोव्याला येते. बसमध्ये चित्र काढता येत नाही असं समजू नका. पेन कागदावर टेकवून ठेवा आणि गाडीच्या धक्क्यांना तुमची रेघ हलवू द्या. माझ्या वहीत बाणस्तारीच्या पुलाची अशी चार चित्रं आहेत, चारही वेगळी. पहिल्या फेरीत मंगेशीला उतरा. तिथल्या दीपस्तंभाचे मजले मोजा: सात. मग तो काढा. मोजलेली गोष्ट हाताला जास्त चांगली उतरते, हे मला तिथे कळलं.

जुन्या गोव्यात दोन इमारती रस्त्याच्या दोन बाजूंना आहेत, आणि रंग शिकायला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही. एकीकडे बॉम जिझस बॅसिलिका, १६०५ मध्ये पूर्ण झालेली. तिचा बाहेरचा गिलावा विसाव्या शतकात काढून टाकला गेला, त्यामुळे आतला जांभा उघडा पडला आहे. समोर से कॅथेड्रल, चुन्याने पांढरंशुभ्र. जांभ्याचा तांबडेपणा त्यातल्या लोखंडामुळे येतो. कोरडा असताना तो बर्न्ट सिएनाच्या जवळ असतो. भिजला की त्यात अल्ट्रामरीनचा थेंब घालावा लागतो. पांढऱ्या भिंतीला मात्र पांढरा रंग लावू नका. कागद तसाच सोडा आणि सावलीत फिकट निळा-जांभळा फिरवा.

से कॅथेड्रलपाशी एक सापळा आहे. त्याला मनोरा एकच आहे. दुसरा १७७६ मध्ये कोसळला. मी घरी येऊन आठवणीने चित्र पूर्ण केलं तेव्हा दोन मनोरे काढले होते. जुळेपणाची सवय डोळ्यापेक्षा जोरात असते. म्हणून जागेवरच निदान मोठे आकार पूर्ण करा, बारकावे घरी भरले तरी चालतील.

तिथून व्हाइसरॉयच्या कमानीखालून खाली उतरलं की फेरीबोटीचा धक्का. पायी जाणाऱ्याला तिकीट लागत नाही. पलीकडे दिवाडी बेट. बोट काही मिनिटांतच पोचते, त्यामुळे चढताना ठरवून टाका की या फेरीत एकच गोष्ट काढायची. स्कूटरवर बसल्या बसल्या हेल्मेट न काढता थांबलेला माणूस, माशांची पाटी घेतलेली बाई, दोर टाकणारा खलाशी. जमलं नाही तर त्याच बोटीने परत या आणि पुन्हा जा. कोणी काही म्हणत नाही. माझ्या तिसऱ्या खेपेला खलाशाने स्वतःहून विचारलं, "बाय, आज कितें पिंतारता?" (आज काय काढताय?) आणि वही हातात घेऊन दोराची गाठ मी चुकीची काढली आहे, हे दाखवून दिलं. ती गाठ त्याने मला बांधून दाखवली आणि मग मी ती काढली.

महाराष्ट्रातून रेल्वेने येणार असाल तर करमळीला उतरा. जुनं गोवं तिथून जवळ आहे आणि करमळीच्या तळ्यावर हिवाळ्यात पक्षी असतात. पणजीला राहत असाल तर उलट बाजूने या: पणजी ते रायबंदर हा बांध १६३० च्या दशकातला आहे, सुमारे तीन किलोमीटर लांब. बसच्या खिडकीतून एका बाजूला मांडवी आणि दुसऱ्या बाजूला खारफुटी दिसते.

वाट पाठ झाल्यावरच लांब जा. मग एक दिवस राखून सांगे तालुक्यात कुशावतीच्या काठी उसगाळीमळला जा. नदीकाठच्या जांभ्याच्या सपाट पाषाणावर बैल, हरणं, माणसं आणि एक मोठी चक्राकार आकृती कोरलेली आहे. १९९३ मध्ये पुरातत्त्व अभ्यासकांचं तिकडे लक्ष गेलं. गावकऱ्यांना ती आधीपासून ठाऊक होती. बैलाच्या पाठीची एकच रेघ बघा, किती कमीत बैल उभा केलाय. कोरलेल्या रेघांवर पाय देऊ नका, त्यांत खडू भरू नका. पावसाळ्यात तिकडे जाण्यात अर्थ नाही.

४. बसायचं कुठे, विचारायचं कोणाला

- उघड्यावर बसून वहीत चित्र काढायला परवाना लागत नाही. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत तिपाई मांडायची असेल तर मात्र आधी परवानगी घ्यावी लागते. मांडीवरची वही सगळ्यात सोयीची.
- देवळात आणि चर्चमध्ये पूजा किंवा मिस चालू असताना आत बसून काढू नका. पोशाखाच्या पाट्या वाचा. गाभाऱ्याचं चित्र काढायचं असेल तर पुजाऱ्यांना विचारा. नाही म्हणाले तर तिथेच विषय संपवा.
- पणजीचा फोंतेन्हास भाग म्हणजे लोकांची राहती घरं आहेत. दाराच्या पायरीवर बसू नका, खिडकीतून डोकावू नका. फोटो काढणाऱ्यांच्या गर्दीने तिथले लोक मेटाकुटीला आले आहेत. घरातलं कोणी दिसलं तर आधी नमस्कार करा, "बसूं?" म्हणून विचारा. एका घराच्या आजींनी मला सोप्यावर बसायला जागा दिली आणि खिडकीच्या तावदानांत काचेऐवजी बसवलेले शिंपले आतून कसे दिसतात ते दाखवलं. उजेड दुधासारखा येतो.
- म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आधी काहीतरी विकत घ्या, मग वही काढा. गिऱ्हाइकाची वाट अडेल असं बसू नका.
- ज्याचं चित्र काढलंत त्याला ते दाखवा, मग ते कितीही बिघडलेलं असो.

५. आधी होऊन गेलेल्यांची चित्रं

स्वतःच्या वहीची तीसेक पानं भरल्यावर ही पायरी घ्या. आधी घेतलीत तर नक्कल होते.

पणजीत फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेत चित्रकार आंतोनियो झेवियर त्रिंदाद यांची चित्रं आहेत. जन्म सांग्याचा, १८७०. पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि शिकवलं. घरातली माणसं, खिडकीचा उजेड, साडीची घडी हेच त्यांचे विषय. मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात जोर्ज कोलासो यांनी १९३५ मध्ये केलेल्या निळ्या-पांढऱ्या टाइल्सच्या भिंती बघा. एकाच निळ्यातून किती अंतरं दाखवता येतात ते तिथे कळतं. व्यंगचित्रकार मारियो मिरांडांची भित्तिचित्रं पणजीच्या बाजारात आहेत, तीही भाजी घेता घेता बघायला मिळतात. लोटलीचे मारियो लहानपणापासून चित्रमय रोजनिशी ठेवत. वही रोजची असावी हे मी त्यांच्याकडून घेतलं.

आणि मराठी घरात वाढलेल्यांना एक नाव परकं नाही: दीनानाथ दलाल. आमच्या घरी माळ्यावर 'दीपावली'चे जुने अंक होते. त्यांची मुखपृष्ठं मी लहानपणी तासन् तास बघत बसायची. ते मूळचे मडगावचे, हे मला गोव्यात आल्यावर समजलं. त्या दिवशी मडगावच्या गल्ल्यांमधून उगाचच दोन तास फिरले.

६. पावसाळ्याची तयारी

जून ते सप्टेंबर हवेतली ओल कागदात शिरते. कागद मऊ पडतो, रंग डागाडागांनी बसतो. कोऱ्या वह्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. रंगपेटी पूर्ण वाळल्याशिवाय मिटू नका, नाहीतर बुरशी येते. या दिवसांत चित्र वाळायला अर्धा तास धरा आणि दोन पानांमध्ये कोरा कागद घाला.

पण घरात बसू नका. चवथीला गणपतीच्या वर लाकडी चौकटीला बांधलेली माटोळी बघायला मिळते: नारळ, सुपारीचे घोस, तवशी, नीरफणस आणि रानातली कितीतरी फळं-फुलं. काढताना प्रत्येकाचं नाव विचारून शेजारी लिहा. पहिल्या वर्षी मला त्यातली नऊ नावं माहीत होती. आता वहीत एकतीस आहेत.

७. सोबत शोधा

एकट्याने वही चार-सहा महिने चालते. नंतर हात तेच ते काढायला लागतो. साळगावात जन्मलेल्या फ्रान्सिस न्यूटन सूझांनी १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा केला तेव्हा बरोबर रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाक्रे होते. सहा जणांची सहा वेगळी हातोटी. एकमेकांसारखं काढायला ते जमले नव्हते. हे लक्षात ठेवून सोबती निवडा: तुमच्यासारखंच काम करणारा नको, तुमच्यापेक्षा वेगळं काम करणारा हवा.

माझे दोन सोबती आहेत. एक आमच्या वाड्यावरच्या चित्रशाळेतले काका. गोव्यात गणपतीच्या मूर्ती घडतात त्या कारखान्याला चित्रशाळा म्हणतात. पावसाच्या सुरुवातीपासून तिथे चिकणमाती मळायला लागते. दुसरी एक कॉलेजात शिकणारी मुलगी, जी फोटो काढते आणि घरी आजीकडून क्रोशा शिकते. आम्ही महिन्यातून दोन रविवारी भेटतो. प्रत्येकाने वर्तमानपत्रात गुंडाळून एक वस्तू आणायची, दुसऱ्याने ती उघडायची. पहिला तास कोणी बोलत नाही. नंतर चहा, आणि वह्या मधे.

वह्या बघण्याचा एक नियम आम्ही पाळतो, तो तुम्हीही पाळा: "छान" म्हणायचं नाही. काय दिसलं तेवढं सांगायचं. "तुझी नजर आधी इथे गेली", "हा हात जड वाटतो", असं. काकांनी माझी चाळीस पानं शांतपणे उलटली आणि म्हणाले, "तू डोळे सगळ्यात आधी काढतेस. आम्ही सगळ्यात शेवटी काढतो. आधी माती बसू दे." पुढचे दोन महिने मी चेहऱ्यांत डोळे काढलेच नाहीत. मान, खांदे, बसण्याची ढब. माणसं ओळखू यायला लागली.

सोबती कसे मिळतील? मोठा गट शोधत फिरू नका. पणजीत आल्तिनोवरच्या कला महाविद्यालयात किंवा कला अकादमीत प्रदर्शन लागतं तेव्हा जा आणि चित्रकाराला एक नेमका प्रश्न विचारा: हा रंग कसा आणलात, हा कागद कुठला. पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात कलेच्या पुस्तकांपाशी बसा. वाड्यावर कोण काय करतं ते बघा: सुतार, शिंपीण, नाटकाचे पडदे रंगवणारा. शिगमा, कालो (दशावतारी काला) आणि नाटकं यांच्यामुळे गोव्यातल्या जवळजवळ प्रत्येक वाड्यावर हातात कला असलेला एक तरी माणूस असतो, फक्त तो स्वतःला कलाकार म्हणवत नाही.

दोन गोष्टी टाळा. पहिल्याच भेटीत आपली सगळी वही समोर ठेवू नका; आधी त्यांचं काम बघा. आणि कामाच्या ऐन घाईत जाऊ नका. चित्रशाळेत चवथीच्या आधीचा आठवडा फार धावपळीचा. घराघरांतून आलेले पाट ओळीने लावलेले असतात, प्रत्येकावर खडूने आडनाव, आणि काका रात्र रात्र जागून रंगकाम संपवत असतात. त्या आठवड्यात वही घरी ठेवून जा. पाट उचलायला माणूस लागतो.